विजेची शिदोरी: रायगडच्या किनाऱ्यावरून मांडलेला हिशेब

रात्री आठला जेवून झोपलेला माणूस सकाळी सातला उठतो. अकरा तास पोटात काही गेलेले नसते, तरी मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आपापले काम करत राहतात. रक्तात कोणत्याही क्षणी जेमतेम चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम साखर असते. ती संपू नये म्हणून शरीराने तीन पातळ्यांवर साठा ठेवलेला आहे. काही सेकंदांच्या गरजेसाठी स्नायूंमधले एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट, रात्रभराच्या गरजेसाठी यकृतातले शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, आणि उपासमारीच्या आठवड्यांसाठी चरबी. पहिला साठा लहान पण तत्काळ हाताशी येणारा, शेवटचा मोठा पण हळू निघणारा. एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा शरीर कधी ठेवत नाही.

वीजपुरवठ्याच्या जाळ्याला असा साठा निसर्गतः नसतो. घरातला पंखा ज्या क्षणी फिरतो, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल बिघडला की जाळ्याची ‘नाडी’ बदलते. ही नाडी म्हणजे विजेची वारंवारता. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात राखावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ती उतरते, आणि फार उतरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातली साठ कोटींहून अधिक माणसे ज्या भागात राहतात, तिथला पुरवठा असाच कोसळला होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराची वीज सकाळी गेली, तेव्हा कोविडच्या रुग्णांनी भरलेली रुग्णालये जनरेटरवर चालली.

कोळशाच्या केंद्रात हा तोल राखणे त्या मानाने सोपे होते. मागणी वाढली की कोळसा जास्त जाळायचा. सूर्य आणि वारा यांना असे सांगता येत नाही. सौरऊर्जा दुपारी भरपूर मिळते आणि संध्याकाळी सातला, घराघरांत दिवे लागतात आणि स्वयंपाक सुरू होतो, तेव्हा शून्यावर येते. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूखेरीज इतर स्रोतांची झाली. त्यामुळे ‘वीज कशी बनवायची’ याच्या जोडीला आता ‘दुपारची वीज रात्रीपर्यंत कशी न्यायची’ हा प्रश्न उभा राहिला आहे. त्याची तीन प्रमुख उत्तरे आहेत: उंचावर चढवलेले पाणी, बॅटरी आणि हायड्रोजन. या तिन्हींचा हिशेब मांडायला रायगड जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

भिऱ्याची जुनी बॅटरी

कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला जाणाऱ्यांना ठाऊक असते की नाव सकाळी सुटते, कारण पाणी सकाळी सुटते. हे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मुळशी धरणातले. ते बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, टर्बाइन फिरवते, पुढे कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. टाटांनी घाटाच्या पायथ्याशी उभारलेल्या तीन केंद्रांपैकी हे तिसरे. खोपोली १९१५ चे, त्यानंतर भिवपुरी, आणि भिरा १९२७ चे. तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत.

भिऱ्याला पुढे १५० मेगावॅटचा एक वेगळा संच बसवला गेला. तो दोन्ही बाजूंनी फिरतो. मागणी जास्त असताना तो वीज बनवतो. मागणी कमी असताना जाळ्यातलीच वीज घेऊन खाली साठलेले पाणी पुन्हा वर चढवतो. याला उदंचन म्हणतात. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली उतरले की सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. ऐकायला ती फारच थोडी वाटते, पण धरणात पाणी अब्जावधी लिटर असते. चढवायला लागलेल्या दर शंभर युनिटांपैकी ७५ ते ८० परत मिळतात, आणि अशी यंत्रणा पन्नास-साठ वर्षे सहज टिकते.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी आणखी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १८०० मेगावॅट आणि रायगडमध्ये भिवपुरी येथे १००० मेगावॅट. सह्याद्रीचा उभा कडा आणि कड्याखालचे कोकण ही रचनाच अशा प्रकल्पांना अनुकूल आहे. पण पाणी साठवायचे तर जमीन बुडते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू केलेला सत्याग्रह याच प्रश्नावरचा होता. वीज मुंबईला आणि विस्थापन मावळाला, ही त्यांची तक्रार शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही. नवे प्रकल्प करताना आधीच्याच तलावांचा किती उपयोग होतो आणि नवी जमीन किती बुडते, हे म्हणूनच पहिल्यांदा विचारायला हवे.

बॅटरी: चपळ, पण तासांपुरती

मोबाइलमध्ये असते तशीच, पण जहाजावरच्या कंटेनरच्या आकाराची लिथियम-आयन बॅटरी आता वीजकेंद्रांच्या शेजारी बसू लागली आहे. आत दोन ध्रुव असतात आणि लिथियमचे आयन चार्ज होताना एका बाजूला, वापरताना दुसऱ्या बाजूला जातात. ही बॅटरी शक्य करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तिचे सर्वांत मोठे बळ वेगात आहे. कोळशाच्या केंद्राला उत्पादन वाढवायला कित्येक मिनिटे, कधी तास लागतात. बॅटरी सेकंदाच्या आत प्रतिसाद देते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अखेरीस हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅटची बॅटरी बसली, आणि जाळ्याची वारंवारता ढळू लागताच ती सावरण्याचे काम बॅटरी किती चांगले करते, हे जगाने तिथे पाहिले. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये राजनांदगाव येथे सौरकेंद्राला जोडलेली ४० मेगावॅटची बॅटरी २०२४ मध्ये सुरू झाली. ती पूर्ण ताकदीने तीन तास वीज देऊ शकते. यात ‘मेगावॅट’ म्हणजे नळाची तोटी किती रुंद, आणि ‘मेगावॅट-तास’ म्हणजे टाकीत पाणी किती. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलाच आकडा दिलेला असतो. दुसरा आवर्जून विचारावा.

बॅटरीत टाकलेल्या शंभर युनिटांपैकी ८५ ते ९० परत मिळतात. दुपारची सौरऊर्जा रात्री दहापर्यंत नेण्यासाठी याहून सोयीचे साधन आज नाही. पण आठवडाभराचा साठा बॅटरीत ठेवणे म्हणजे वर्षभराचे धान्य फ्रिजमध्ये ठेवण्यासारखे आहे. जमते, पण परवडत नाही.

धोक्याची बाजूही स्पष्ट सांगायला हवी. एखादा सेल तापून बिघडला तर त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि आग साखळीने पसरते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, जे डोळे, श्वासमार्ग आणि फुप्फुसे पोळतात. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉस लँडिंग येथील ३०० मेगावॅटच्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि बाराशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तिथे बॅटऱ्या एका जुन्या इमारतीत दाटीने ठेवलेल्या होत्या. आता उघड्यावर, अंतर सोडून कंटेनर ठेवतात आणि त्या मानाने कमी पेट घेणारे लिथियम-आयर्न-फॉस्फेट रसायन वापरतात. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंज हा आणखी एक शत्रू आहे. किनाऱ्यावर असे केंद्र येणार असेल तर वस्तीपासूनचे अंतर, अग्निशमनाची तयारी आणि जवळच्या रुग्णालयात विषारी धुराच्या रुग्णांसाठीची सोय हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगे आहेत.

हायड्रोजन: चरबीचा साठा

पाण्यातून वीज सोडली की ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिलेले असते. हा प्रयोग १८०० साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा झाला. वीज जास्त असेल तेव्हा हायड्रोजन बनवून ठेवायचा आणि कमी पडेल तेव्हा त्यापासून पुन्हा वीज करायची, ही कल्पना ऐकायला सुंदर आहे. वजनाच्या मानाने हायड्रोजनमध्ये ऊर्जाही प्रचंड असते. एक किलोत सुमारे ३३ युनिट. तेवढ्यासाठी घाटावर २७ हजार लिटर पाणी चढवून ठेवावे लागेल.

अडचण व्यवहारात आहे. एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून ठेवायला आणखी काही युनिट जातात. इंधन-घटातून त्याची पुन्हा वीज केली की हातात १६-१७ युनिट येतात. म्हणजे शंभर दिले आणि तीस ते पस्तीस मिळाले. शरीरही पिष्टमय पदार्थांची चरबी करताना ऊर्जेचा काही भाग गमावतेच, पण इतका नाही. रोजच्या संध्याकाळसाठी हा सौदा तोट्याचा आहे.

मग हायड्रोजन कशासाठी? दूर उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य नसतो. त्यांना उन्हाळ्याची ऊर्जा हिवाळ्यात नेण्यासाठी महिनोन्‌महिने टिकणारा साठा लागतो. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सौरऊर्जा घटते, पण त्याच महिन्यांत सातारा, सांगली, धुळ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात आणि धरणेही भरतात. मोसमी वारा आपल्याला ऋतूंमधला तोल बराचसा फुकट देतो. त्यामुळे महाराष्ट्राची खरी गरज काही तासांची आहे, आणि तिथे बॅटरी व उदंचन पुढे आहेत. राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनाही याच तोलाचा भाग आहे. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा, सूर्य असताना वीज दिली की तेवढी साठवावीच लागत नाही. शिवाय रात्री अंधारात पंप चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याला सर्पदंश होण्याचा धोका कमी होतो, हा आरोग्याचा लाभ वेगळाच.

थळचा हायड्रोजन

तरीही रायगडच्या किनाऱ्यावर हायड्रोजनला मोठे काम आहे, आणि ते वीज साठवण्याचे नाही. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८० च्या दशकापासून युरिया बनवतो, वर्षाला सुमारे २० लाख टन. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया करायचा आणि अमोनियापासून युरिया, अशी ही वाट. म्हणजे ‘हायड्रोजनचे युग’ येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर हायड्रोजन टनांनी बनतो आहे. शेजारच्या जडपाणी प्रकल्पात याच वायुप्रवाहातून अणुभट्ट्यांसाठी लागणारे जड पाणी वेगळे काढले जाते.

यात कार्बन फार जातो. वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच हायड्रोजन सौर किंवा पवनविजेने पाण्यातून काढला तर हा भार टळतो. ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. पंजाबात नांगल येथील खत कारखाना १९६१ पासून भाक्राच्या जलविद्युतेने पाणी फोडूनच अमोनिया बनवत असे. पुढे वीज महागली आणि वायू, नाफ्था स्वस्त वाटू लागले, तशी ती पद्धत मागे पडली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले.

थळच्या प्रमाणावर हा बदल किती मोठा ठरेल, याचा साधा हिशेब करून पाहता येतो. २० लाख टन युरियासाठी साधारण साडेअकरा लाख टन अमोनिया आणि त्यासाठी सुमारे दोन लाख टन हायड्रोजन लागतो. तो पाण्यातून काढायचा तर वर्षाला हजार कोटींहून अधिक युनिट वीज लागेल. ती सगळी सौर असेल तर सुमारे सहा हजार मेगावॅटची पॅनेल लागतील आणि मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर पंचवीस ते तीस हजार एकर जमीन. पाणी रोज ५०-५५ लाख लिटर, थंड करण्यासाठीचे वेगळे. समुद्राचे पाणी गोडे करून ते मिळवता येईल. त्याला लागणारी वीज हायड्रोजनच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांच्या विहिरींतून ते घेतले जाऊ नये, एवढी अट घालायलाच हवी.

आणखी दोन बारकावे आहेत. युरियाच्या रेणूत कार्बनही लागतो. आज तो नैसर्गिक वायूतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच मिळतो. वायू बंद केला तर तो दुसरीकडून आणावा लागेल. दुसरे म्हणजे, हायड्रोजन खरोखर स्वच्छ विजेचाच असला पाहिजे. कोळशाची प्रधानता असलेल्या आजच्या सरसकट जाळ्यातून वीज घेऊन तो बनवला, तर किलोमागे ३५-४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, म्हणजे वायूच्या पद्धतीच्या जवळजवळ चौपट. दुपारची जास्तीची सौरवीज वापरून मात्र हेच कारखाने जाळ्याचा तोल राखायला मदत करू शकतात. ऊन असेल तेव्हा यंत्रे पूर्ण चालवायची, संध्याकाळी मंद करायची. साठवण इथे विजेची होत नाही, खताची होते, आणि खत गोदामात ठेवायला कुठलीही बॅटरी लागत नाही.

या प्रक्रियेत एक किलो हायड्रोजनबरोबर आठ किलो ऑक्सिजन निघतो. वरच्या हिशेबाप्रमाणे थळच्या आकाराच्या कारखान्यात रोज चार हजार टनांहून अधिक. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राची वैद्यकीय ऑक्सिजनची मागणी रोज सुमारे सतराशे टनांवर गेली होती आणि तेव्हा पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातूनही द्रवरूप ऑक्सिजन रुग्णालयांना गेला होता. मात्र त्या वेळचा अडसर निर्मितीइतकाच वाहतुकीचाही होता. अतिथंड टँकर आणि रुग्णालयातल्या टाक्या अपुऱ्या होत्या. मिळालेला ऑक्सिजन कोरडा आणि शुद्ध करून, द्रवरूप करून रुग्णापर्यंत नेण्याची साखळी नसेल तर तो हवेतच सोडून दिला जाईल.

वादळानंतरचे आठवडे

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग परिसरात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांबही. अनेक गावांना कित्येक दिवस, काहींना आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्यालगत गेले. मोठी बॅटरी, उदंचन किंवा हायड्रोजन यांपैकी काहीही अशा वेळी गावाला वीज देऊ शकत नाही, कारण तुटते ती शेवटची तार.

तिथे साठा रुग्णाजवळ असावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. त्यासाठीचा आयएलआर हा फ्रिज भिंतींमधल्या बर्फामुळे दिवसात आठच तास वीज मिळाली तरी गारवा टिकवतो. तीही एक साठवणच आहे, विजेऐवजी थंडीची. पण प्रसूतिगृहातला दिवा, नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांना वीजच लागते. पाच लिटरचा एक कॉन्सन्ट्रेटर चोवीस तासांत आठ-साडेआठ युनिट खातो. वीस-पंचवीस युनिटांची बॅटरी आणि छतावर काही किलोवॅटची पॅनेल असतील, तर एका लहान केंद्राच्या अत्यावश्यक गरजा डिझेलची वाट न पाहता भागू शकतात.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. छतावर नुसती सौर पॅनेल बसवली आणि ती जाळ्याला जोडली, तर वीज गेल्यावर तीही बंद पडतात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. अंधारात दिवा लागायला हवा असेल तर बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळा होऊन चालणारा इन्व्हर्टर लागतो. पॅनेलचे सांगाडेही वादळी वाऱ्याच्या हिशेबाने घट्ट बांधलेले हवेत. रुग्णालय असो, शाळा असो की स्वतःचे घर, सौर यंत्रणा घेताना ‘लाईट गेल्यावर हे चालेल का?’ हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

मुंबईच्या तोंडाशी असूनही उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून नियमित वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर तिथली गावे संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवर होती. वीज ‘आली’ म्हणजे नेमके काय आले, किती तास आली आणि वादळात टिकणार का, याचे महत्त्व अशा गावांना सांगावे लागत नाही. नव्या साठवण प्रकल्पांचे मोजमापही त्यांच्याच प्रश्नांनी व्हावे: सेकंदांसाठी आणि संध्याकाळसाठी बॅटरी, रात्रीसाठी घाटावरचे पाणी, खतासाठी आणि पोलादासाठी हायड्रोजन, आणि आरोग्य केंद्राच्या कपाटात स्वतःची छोटी बॅटरी. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्यासाठी २०३० पर्यंत थांबावे लागत नाही.